दगडांना आधी नंबर घाला

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंदिर जीर्णोद्धार समित्या,
अध्यक्ष, खजिनदार, सदस्य आणि पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरणारी तरुण मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मी पुरातत्त्व खात्याचा माणूस नाही, इतिहासाचा प्राध्यापक नाही आणि कुठल्या पक्षाचा तर नाहीच नाही. चौतीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो. सिमेंट, सळई आणि खडी यात आयुष्य गेलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, सकाळी रंकाळ्यावर एक फेरी मारतो आणि उरलेल्या वेळात जुनी देवळं बघत हिंडतो. हा नाद निवृत्तीनंतर लागला. बायको म्हणते, जन्मभर नवी घरं बांधली आणि आता पडक्या देवळात जाऊन बसायला लागलाय.

पत्राला कारण झाले तुमचे फलक. गेल्या वर्षभरात तीन-चार गावांच्या वेशीवर पाहिले. 'ग्रामदैवताच्या मंदिराचा भव्य जीर्णोद्धार', खाली देणगीदारांचे फोटो, आणि मधोमध कॉम्प्युटरवर काढलेलं गुलाबी दगडाचं, तीन शिखरांचं, पुढं कारंजं उडत असलेलं देऊळ. एका गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "आताचं देऊळ कुठाय?" त्यानं नुसता हात केला. फलकाच्या मागंच होतं. फलकानंच झाकलं होतं.

मागं जाऊन बघितलं. काळ्या पाषाणाचं ठेंगणं देऊळ, छपरावर गवत, एका कोपऱ्यात पिंपळाचं रोप. दाराच्या चौकटीवर बारीक वेलबुट्टी, वर मधोमध गणपती, उंबऱ्यावर कीर्तिमुख. दारात दोन वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मारकदगड, त्यातल्या एकावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. मी म्हाताऱ्याला विचारलं, ह्याचं पुढं काय करणार? तो म्हणाला, "ते काढणार की. जेसीबी सांगून ठेवलाय."

तो शब्द ऐकला आणि घरी येऊन लिहायला बसलो.

आधी माझं पाप सांगतो, म्हणजे ह्या माणसाला शहाणपण शिकवायची हौस आहे असं तुम्हाला वाटायला नको. तीसेक वर्षांपूर्वी एका गावचं शंकराचं देऊळ दुरुस्तीला माझ्या हाताखाली आलं. गावाचं नाव राहू दे. देऊळ गळत होतं, एक तुळई तडकली होती, गावानं वर्गणी काढली होती आणि महाशिवरात्रीच्या आत काम संपवायचं होतं. आम्ही दरजांतला, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला, जुना चुना छन्नीनं उकरून काढला आणि त्या जागी एकास चारचं सिमेंट भरलं. छपरावरची माती आणि चुन्याचा कोबा काढून चार इंचांचा स्लॅब ओतला. तडकलेल्या तुळईखाली लोखंडी अँगल घातला. आतून पुरुषभर उंचीपर्यंत ऑइल पेंट मारला आणि खालच्या ओबडधोबड फरशीवर गुळगुळीत टाइल्स बसवल्या. महाप्रसादाला आजूबाजूची पाच गावं जेवली. मला फेटा बांधला, श्रीफळ दिलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

बारा वर्षांनी त्या बाजूला दुसऱ्या कामावर गेलो असताना सहज डोकावलो. गाभाऱ्याची भिंत कमरेपर्यंत ओली. रंगाला फोड आलेले. एक फोड बोटानं दाबला तर रंगाबरोबर दगडाचा पापुद्रा सुटून हातात आला. अँगल गंजून फुगला होता आणि त्यानं वरच्या दगडाचा कोपरा उचकटून टाकला होता. त्या कोपऱ्यावर दोन बोटांएवढी एक कोरीव वेल होती, मला चांगली आठवते. ती पडली असणार आणि कुणीतरी झाडून टाकली असणार.

त्या कामावर एक म्हातारा गवंडी होता. दरजा उकरताना तो मला म्हणाला होता, "चुना नमतंय वो सायेब, सिमिट न्हाई नमत. मग फुटायची पाळी दगडावर येतीया." मी हसलो होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला नवं काम जमत नाही म्हणून बोलतोय.

त्यानं जे एका वाक्यात सांगितलं ते समजायला मला बारा वर्षं लागली. जुन्या भिंतीत पाणी जमिनीतून वर चढतं, छपरातून खाली येतं. ते कुठून तरी बाहेर पडलं पाहिजे. चुन्याच्या दरजेतून ते सुकत सुकत निघून जातं आणि जाताना झिजला तर चुना झिजतो. चुना पुन्हा भरता येतो. सिमेंटनं ती वाट बुजली की ओल दगडात शिरते, क्षार बरोबर घेऊन येते, आणि दगडाच्या कातडीखाली ते क्षार फुलून कातडी सोलतात. वरून ऑइल पेंट म्हणजे तर अंगाला प्लास्टिकचा कागद गुंडाळल्यासारखं. लोखंडाची गोष्ट आणखी साधी आहे: गंजलं की फुगतं, आणि फुगताना दगड फोडतं. आणि दगड दाबाला राजा असला तरी वाकण्याला भिकारी आहे. तुळईवर स्लॅबचं जादा वजन टाकलं की ती खालून तडकते. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतंच की. इमारतींना लागू करत होतो, देवळाला केलं नाही, कारण देवळाकडे मी इमारत म्हणून पाहिलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग करायचं तरी काय? ते सांगण्याआधी तुम्हाला एकदा खिद्रापूरला जाऊन यायला सांगतो. समितीच्या सगळ्यांनी जा, एखाद्या सोमवारी, टेम्पो करून. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर कोपेश्वराचं देऊळ आहे. तुम्ही शाळेच्या सहलीत गेला असालच. आता पुन्हा जा आणि ह्या वेळेला बांधकाम बघा.

स्वर्गमंडपात उभे राहा. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छताला भलं मोठं गोल मोकळं आभाळ. बरोबर त्याच्या खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या वर्तुळावर येतो म्हणून तिथं गर्दी लोटते. ते मोकळं मुद्दाम ठेवलं की काम राहिलं, यावर वाद घालणारे घालोत. मी तिथं उभा राहिलो की मला एकच गोष्ट सुचते आणि माझी मलाच लाज वाटते: हे देऊळ तीस वर्षांपूर्वी माझ्या ताब्यात दिलं असतं, तर मी पहिल्या आठवड्यात ते भोक बंद केलं असतं. पावसाचं पाणी येतं म्हणून. निदान हिरवा पत्रा तरी टाकलाच असता.

त्या देवळाचं काम शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. मग यादवांचा सिंघण आला, त्यानं शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा पराभव केला, पन्हाळा घेतला. दक्षिणेकडच्या दाराजवळ बाहेरच्या भिंतीवर सिंघणाचा संस्कृत लेख आहे, नागरी लिपीतला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिथले बाकीचे जुने लेख कन्नडमध्ये आहेत. म्हणजे बघा, जिंकून आलेल्या राजानंसुद्धा हरलेल्या राजाचं देऊळ पाडून आपल्या नावाचं नवं बांधलं नाही. आधीच्यांचे लेख ठेवले, शेजारी आपला कोरला. आपल्याकडे मात्र एक सरपंच बदलला की आधीच्या सरपंचाच्या नावाची फरशी उखडली जाते.

(जाता जाता: खिद्रापूरचं देऊळ 'हेमाडपंती' म्हणून दाखवतात. ज्याच्या नावावरून तसं म्हणतात तो हेमाद्री पंडित, यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. देऊळ त्याच्या जन्माआधी उभं होतं. काळ्या दगडाचं दिसलं की हेमाडपंती म्हणायची आपल्याला सवयच लागली आहे. तुमच्या फलकावर तसं लिहायच्या आधी एकदा कुणा जाणकाराला विचारा.)

तिथं मूर्ती फुटलेल्या आहेत. हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, सुरसुंदरींना हात नाहीत. कृष्णेचे कितीक महापूर ह्या देवळानं अंगावर घेतले. राज्यानं प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी पहिल्यांदा जी आठ मंदिरं निवडली, त्यात राजापूरचं धूतपापेश्वर, सिन्नरचं गोंदेश्वर, गडचिरोलीचं मार्कंडा यांच्याबरोबर खिद्रापूर आहे. मला तुम्हाला दाखवायचं आहे ते एवढंच, की तुटलेल्या सोंडेच्या जागी कुणी सिमेंटची सोंड लावलेली नाही, आणि त्यामुळे त्या हत्तीचं काही कमी झालेलं नाही. उलट छन्नीचा घाव कुठं पडला, कुठल्या बाजूनं पडला, ते अजून वाचता येतं. एक विनंती तिथं फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांनाही करून घेतो: खांबाला टेका, पण गजपीठावर, म्हणजे त्या कोरीव हत्तींच्या थरावर, चढू नका. झालं.

खिद्रापूरला नंदी नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. कथा अशी की दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, ती परत आलीच नाही. शंकर कोपला आणि इथं येऊन बसला. त्याची समजूत काढायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं. नंदी मात्र नदीपलीकडं, कर्नाटकातल्या यडूरला. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हापासून मला त्या रिकाम्या जागेचं वाईट वाटायचं.

आणि मग नंदी मला भेटला तो थेट जावा बेटावर.

मुलगी सिंगापूरला असते. काही वर्षांपूर्वी तिनं आम्हा दोघांना इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराला नेलं. तिथून सतराएक किलोमीटरवर प्रांबानन म्हणून जागा आहे. नवव्या शतकातली हिंदू देवळं. मधलं शिवाचं सत्तेचाळीस मीटर उंच, एका बाजूला ब्रह्मा, दुसऱ्या बाजूला विष्णू, प्रत्येकासमोर वाहनाचं देऊळ. हंस आणि गरुड जागेवर नाहीत, पण शिवासमोरच्या देवळात नंदी बसलाय, काळाभोर, गुळगुळीत पाठीचा. बायकोनं पर्समधून रुमाल काढून त्याच्या पाठीवरची धूळ पुसली. पहारेकऱ्यानं हातानंच 'नको' म्हणून खूण केली. बरोबरच होतं त्याचं.

शिवाच्या देवळात उत्तरेकडच्या दालनात दुर्गा आहे. महिषासुरमर्दिनी, आठ हातांची. आम्ही कोल्हापूरची माणसं, आमचे हात आपोआप जोडले गेले. तिथले लोक तिला रोरो जोंग्रांग म्हणतात आणि गोष्ट सांगतात, ती ऐकून मी उडालोच. एका राजकन्येनं मागणी घालायला आलेल्या राजपुत्राला अट घातली: एका रात्रीत हजार देवळं बांध. त्यानं भुताखेतांच्या मदतीनं नऊशे नव्याण्णव बांधली. तेव्हा तिनं गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला लावला, उजाडलं असं वाटून कोंबडे आरवले आणि काम अर्धवट राहिलं. चिडून त्यानं तिचाच दगड केला, तीच ही मूर्ती. आता मला सांगा, आपल्याकडच्या किती देवळांबद्दल आजीनं आपल्याला सांगितलंय की पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि शिखर राहून गेलं? समुद्र ओलांडून तोच कोंबडा.

पण मला त्याहून जास्त धरून ठेवलं ते तिथल्या कामानं. त्या आवारात एकूण दोनशे चाळीस देवळं होती. मधल्या मोठ्यांभोवती चार ओळींत दोनशे चोवीस लहान. दहाव्या शतकात राजधानी पूर्वेकडं हलली, जागा ओस पडली, भूकंपांनी देवळं ढासळली, आणि पुढं एकोणिसाव्या शतकात लोकांनी दगड नेऊन घरांच्या पायात घातले. आपल्यासारखंच. मी गेलो तेव्हा लहान देवळांतली बहुतेक सगळी नुसते ढिगारे होती. दगडांचे ढीग, ओळीनं, हिरवळीवर. पहिल्यांदा वाटलं, एवढा पर्यटकांचा पैसा येतो आणि हे असं पडू दिलंय?

मग कळलं की तिथं नियम आहे. एखाद्या देवळाचे निदान पंचाहत्तर टक्के मूळ दगड सापडले आणि जुळले, तरच ते उभं करायचं. नाहीतर ढीग ढीगच राहू द्यायचा. शिवाच्या देवळाचं काम १९१८ मध्ये सुरू झालं आणि १९५३ मध्ये पुरं झालं. ब्रह्माचं १९८७ मध्ये, विष्णूचं १९९१ मध्ये. मध्ये डच गेले, जपानी आले, देश स्वतंत्र झाला, तरी दगड जुळवणं चालूच. प्रत्येक दगडाची खाच दुसऱ्या कुठल्या दगडात बसते ते शोधायचं, आधी खाली जमिनीवर थर लावून बघायचे, मगच वर चढवायचे. आपल्या मुलांच्या जोडचित्रांसारखं, फक्त तुकडा दीड माणसाच्या वजनाचा. जिथं दगड मिळालाच नाही तिथं नवा बसवला आहे, पण कोरा. नक्षी न कोरता. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी कळतं की हा जुना आणि हा आमचा. माझ्या उभ्या आयुष्यात मी पॅचवर्क लपवायला शिकलो होतो. तिथं ते मुद्दाम दाखवलं होतं.

२७ मे २००६ ला तिथं मोठा भूकंप झाला आणि उभी केलेली देवळंही खिळखिळी झाली. बरीच वर्षं लोकांना कुंपणाबाहेरूनच बघावं लागलं. आम्ही गेलो तेव्हा शिवाच्या देवळात सोडत होते, पण डोक्यावर हेल्मेट घालून. सुपरवायझरला हेल्मेटचं काय कौतुक, पण साडी नेसून हेल्मेट घातलेली माझी बायको दुर्गेसमोर उभी आहे, तो फोटो आमच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे.

मला तुमच्याकडे मागायचं आहे ते हेच. काम चालू असतानाचं देऊळ लोकांना दाखवा. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की हिरवं कापड बांधायचं, 'काम चालू आहे, प्रवेश बंद' अशी पाटी लावायची, आणि दोन वर्षांनी कलशारोहणाला कापड काढायचं. तोवर आत काय फुटलं, काय गेलं, ट्रॉलीत भरून कुठल्या ओढ्यात पडलं, कुणालाच कळत नाही. माझ्या त्या देवळातली वेल अशीच गेली. आठवड्यातून एक दिवस कापड बाजूला करा. दोरी बांधा, दहा हेल्मेटं आणून ठेवा, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं बोलवा. एकेका दगडाचा फोटो काढायला आणि खडूनं नंबर घालायला त्यांच्यासारखी माणसं तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाहीत. ऑइल पेंटनं नंबर घालू नका, एवढं मात्र बघा.

नंबर घालणं हे पहिलं काम. देऊळ अगदीच मोडकळीला आलं असेल, उतरवून पुन्हा रचल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर उतरवा. माणसांच्या डोक्यावर तुळई पडू द्या असं मी म्हणत नाही. पण थराथरानं उतरवा, कुठला दगड कुठल्या थरातला, कुठल्या बाजूचा, ते लिहून ठेवा. ही देवळं पुष्कळदा चुन्याशिवाय रचलेली असतात, एका दगडात खाच आणि दुसऱ्याला तीत बसणारं कुसू धरून. नीट उतरवलं तर नीट चढतं. जेसीबीनं पाडलेलं कधी परत चढत नाही.

आणि पाडायचं कारण बहुतेक वेळा गळती हे असतं. गळतीसाठी देऊळ पाडणं म्हणजे सर्दी झाली म्हणून नाक कापणं. छपरावरचं गवत काढा, पाणी जायच्या पन्हळी मोकळ्या करा, चुन्याचा कोबा नवा घाला. पिंपळ ओढून उपटू नका. मुळं दगड घेऊन बाहेर येतात. बुंधा कापा, मुळं मारा, ती सुकली की सांधा भरा. भोवती वर्षानुवर्षं भर पडून अंगण देवळाच्या जोत्यापेक्षा उंच झालेलं असतं, ती माती काढली तरी निम्मी ओल जाते. ह्या सगळ्याला तुमच्या अंदाजपत्रकातल्या कारंज्याएवढासुद्धा खर्च येणार नाही.

चुना करणारी माणसं मिळत नाहीत, हे मला अनेकांनी सांगितलं. थोडं खरं आहे. कळीचा चुना आणून विझवायचा, पाण्याखाली मुरत ठेवायचा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून घाण्यात मळायचा. जुने लोक त्यात गूळ घालायचे, हिरड्याचं, बेलफळाचं पाणी घालायचे. गुळाची तर आपल्या जिल्ह्यात वानवा नाही. वेळ लागतो, एवढीच त्याची खोड. चुना महाशिवरात्रीची तारीख बघून वाळत नाही.

तुमच्या अडचणीही मला माहीत आहेत, कारण मी त्या बैठकांना बसलेलो आहे. लोकांनी वर्गणी दिली म्हणजे काहीतरी मोठं दिसलं पाहिजे. शेजारच्या गावानं शिखर केलं, आपलं त्याहून एक फूट उंच पाहिजे. मुंबईत असलेल्या गाववाल्यानं पाच लाख दिलेत, त्याच्या आईच्या नावाची फरशी लागली पाहिजे. ह्यातलं काहीच वाईट नाही. मग मंडप बांधा की, भक्कम, पाचशे माणसं बसतील असा, पण देवळाला न चिकटवता चार हात लांब. तिथं टाइल्स घाला, नावं घाला, पंखे लावा. देवळाच्या भिंतीला ड्रिल लावू नका म्हणजे झालं.

दुसरी अडचण जास्त नाजूक. भंगलेली मूर्ती पूजेत चालत नाही, म्हणून ती पंचगंगेत नाहीतर विहिरीत सोडतात. पूजेत नवी मूर्ती ठेवा, त्याबद्दल मी काय बोलणार? पण जुनी पाण्यात टाकू नका. ओसरीवर, वळचणीला, एका ओट्यावर उभी करा. वीरगळही तसेच. त्यावर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर तो पिंडीची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो दगड म्हणजे तुमच्या गावच्या गाई सोडवताना नाहीतर वेस राखताना मेलेला कुणीतरी आहे. त्याचं नाव गेलं, दगड उरला. त्यावर तरी टॉवेल नको.

भिंतीवर, तुळईवर, जोत्यावर अक्षरं दिसली तर काम तिथंच थांबवा. आपल्या भागात ती जुन्या कन्नडमध्ये असण्याचा संभव मोठा, म्हणून 'काहीतरी नक्षी आहे' म्हणून सोडून देऊ नका. हवेच्या दाबानं वाळू मारून दगड घासणारा सँडब्लास्टिंगवाला येऊन 'चार दिवसांत देऊळ नव्यासारखं करतो' म्हणेल. करेलही. पण दगडाचा वरचा थर, त्यावरचे छन्नीचे घाव आणि ती अक्षरं, सगळं धुळीबरोबर जाईल.

कायद्याचं थोडक्यात. देऊळ केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मूर्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. पाया खणताना नाणी, दागिने सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ पासून बंधनकारक आहे. पण गावोगावची बहुतेक देवळं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचा कायदा म्हणजे तुमची समिती, आणि म्हणूनच हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

झाकलेलं पुन्हा उघडता येतं, हे आपण कोल्हापुरात पाहिलं आहे. अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड बुजवून वर बाग केलेली होती. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना तिथं कुंड आहे हेच माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी ते उकरलं तेव्हा खालून घडीव दगडाच्या पायऱ्या निघाल्या. मी रोज बघायला जायचो. गर्दी असायची, माणसं कठड्याला टेकून तासन्‌तास माती काढताना बघत उभी राहायची. नव्या बांधकामावर अशी गर्दी मी चौतीस वर्षांत एकदाही पाहिली नाही. बुजवणाऱ्यांनी दगड फोडले नव्हते, नुसते झाकले होते, म्हणून हे जमलं. तुमच्याकडून काही चूक होणारच असेल तर ती अशी व्हावी, पुढच्या कुणाला उलटवता येईल अशी.

मी ज्या देवळाची वाट लावली तिथं गेल्या उन्हाळ्यात पुन्हा जाऊन आलो. आताचे अध्यक्ष म्हणजे तेव्हा प्रसाद वाटत फिरणारा पोरगा. त्याला सगळं सांगितलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "काका, तुमाला फेटा मीच आणून दिल्ता." मग आम्ही दोघांनी मिळून एका बाजूच्या दरजा उकरायला घेतल्या आहेत. सिमेंट निघता निघत नाही. दिवसाला दोन हात भिंत होते, आणि छन्नी जरा जोरात बसली की दगडाचा कपचा उडतो, म्हणून माझं मीच स्वतःला ओरडतो. टाइल्स काढल्यावर खालची जुनी फरशी बरीचशी शाबूत निघाली. एका फरशीवर सारीपाटासारखी घरं कोरलेली आहेत. देऊळ बांधणाऱ्या पाथरवटांनी दुपारच्या सुट्टीत कोरली असतील का, असं आमच्या मनात येऊन गेलं. अध्यक्षांनी त्यावर खडे मांडून बघितले.

तेव्हा शेवटचं कामाचं. माझ्या मामांच्या वाड्यामागं चुन्याच्या घाण्याचं जुनं दगडी चाक पडून होतं. वाडा विकताना ते मी आणून ठेवलं आहे. चाक चांगलं आहे, कुठं चीर नाही, मधलं भोक शाबूत आहे. घाण्याचा चर तुम्हाला नवा बांधून घ्यावा लागेल. माप मी देतो, पहिले दोन दिवस येऊन उभाही राहतो. ज्या समितीनं जेसीबी रद्द केला असेल तिनं घेऊन जावं. पैसे नकोत. उचलायला सहा माणसं आणि एक ट्रॉली आणा, आणि येताना दुपारचं ऊन टाळा, आमच्या बोळात ट्रॉली उलटी घालावी लागते.

कळावे,
आपला,
एक निवृत्त सुपरवायझर
मंगळवार पेठ, कोल्हापूर